अधांतरी टाच

गाडीतून उतरताना उजवा पाय जमिनीला टेकला आणि टाचेतून एक कळ थेट गुडघ्यापर्यंत गेली. उशीताईनं दाराला घट्ट धरलं आणि पर्समध्ये काहीतरी शोधत असल्यासारखं केलं. पर्समध्ये शोधण्यासारखं काही नव्हतं.

"काय हरवलं गं?" मागच्या सीटवरच्या आजींनी विचारलं.

"काही नाही आजी, किल्ली."

त्या गाडीला किल्ली नुसती खिशात असली तरी पुरायची, हे आजींना ठाऊक नव्हतं म्हणून निभावलं. कळ ओसरेपर्यंत तिनं दहा आकडे मोजले, मग हसऱ्या चेहऱ्यानं मागचं दार उघडलं आणि आजींच्या काखेत हात घालून त्यांना डायलिसिस केंद्राच्या पायरीपर्यंत पोचवलं. स्वतः लंगडत परत आली, पण ते बघायला तोवर कुणी नव्हतं.

उशीताई हे अर्थातच तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. पाच फुटाला एक इंच कमी अशी तिची उंची, आणि चौदा वर्षं तिनं शाळेची डिझेल व्हॅन चालवली ती बुडाखाली उशी घेऊन. उशीशिवाय तिला स्टिअरिंगच्या वरून रस्ता दिसायचा नाही. बाकीच्या ड्रायव्हरांनी थट्टेनं नाव ठेवलं, आणि तिनं ते न रागावता ठेवून घेतलं. पुढे शाळेनं व्हॅन बंद केली. ती डायलिसिस केंद्रात लागली, तेव्हा नाव तिच्याआधीच तिथे पोचलेलं होतं. कारण तिथले दोन ड्रायव्हर जुने ओळखीचे निघाले.

केंद्रातलं काम साधं होतं, पण त्यात चुकून चालण्यासारखं नव्हतं. ज्यांची मूत्रपिंडं थकली होती अशा माणसांना आठवड्यातून तीनदा घरून आणायचं, चार तास यंत्राला जोडलेले राहिले की परत घरी सोडायचं. येताना माणसं अंगात पाणी साठून जड झालेली असायची. जाताना पिळून काढलेल्या फडक्यासारखी. जातानाची फेरी खरी कसोटीची. रक्तदाब उतरलेला, डोकं गरगरणारं, पोटात ढवळणारं. रस्त्यातला एक खड्डा चुकला नाही की मागून "आई गं" ऐकू यायचं, आणि ते ऐकलं की उशीताईला दिवसभर चैन पडायचं नाही.

म्हणून वर्षापूर्वी केंद्रानं इलेक्ट्रिक गाड्या घेतल्या, तेव्हा सात ड्रायव्हरांत सगळ्यात जास्त आनंद तिला झाला. इंजिनाची थरथर नाही, गिअर बदलतानाचा हिसका नाही. गाडी चालू आहे की बंद हे कळायला आत बसलेल्याला खिडकीबाहेर बघावं लागे. डाव्या पायाला क्लचच नाही, त्यामुळे तो सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा नुसता बसून. सगळं काम उजव्याकडे.

फक्त एक गोष्ट होती. पेडलवरून पाय उचलला की ही गाडी आपोआप थांबायला लागायची, मागून कुणीतरी पदर धरून ओढावं तशी. पहिल्याच आठवड्यात, जातानाच्या फेरीत, एका पेशंटला त्या ओढीनं उलटी झाली. दुसरे काका म्हणाले, "ताई, गाडी चांगली आहे हो, पण ही उचकी का देते?" उशीताईनं मनाला लावून घेतलं. तिनं त्यावर स्वतःचा उपाय काढला. पाय पुरता उचलायचाच नाही आणि पुरता दाबायचाही नाही. नुसता सुताएवढा दाब धरून ठेवायचा, झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या पाठीवर हात ठेवावा तसा. सिग्नल आला तर तो दाब केसाकेसानं कमी करत न्यायचा. महिनाभरात ती इतकी तयार झाली, की पेशंट तिच्याच गाडीत जागा मागू लागले. "उशीताई असेल तर झोप लागते," असं म्हणायचे. तिला त्याचा अभिमान होता, आणि का नसावा?

पण रोज सहा तास, असा अधांतरी धरलेला पाय. तो कधीतरी बोलणारच होता.

आधी नडगीच्या बाजूला नुसता ताण यायचा. मग घोटा. मग सकाळी पलंगावरून उतरताना पहिली दहा पावलं टाच अशी दुखायची, की ती भिंतीला धरून मोरीपर्यंत जायची. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते तिला तेव्हा शब्दशः कळलं.

घरात तिच्या सासूबाई होत्या. वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे कुरकुरणारे आणि जीभ मात्र ठणठणीत.

"माझ्या गुडघ्यांचं कौतुक होतं म्हणून तुझ्या पायाला हेवा वाटला काय गं?" त्या म्हणाल्या, आणि बोलता बोलता गरम पाण्यात मीठ टाकून टब तिच्या पायाशी सरकवला. "बुडव. आणि तोंड असं करू नकोस, मी काही तुला उकडत नाहीये."

"आई, तुम्हाला चालवत नाही तर कशाला टब उचलता?"

"उचलला कुठे? पायानं ढकलत आणला. माझे पाय निदान ढकलायच्या कामाचे आहेत."

नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपहाउसवर होता. कमी बोलणारा. तो म्हणाला, "सुट्टी घे आठवडाभर."

"आणि गाडी?"

"गाडी काय पळून जाते?"

गाडी पळून जात नव्हती, पण गेलेली माणसं तिनं पाहिली होती. दोन वर्षांपूर्वी एका ड्रायव्हरनं कंबर धरल्याचं सांगितलं, तर "काही दिवस आराम" म्हणून त्याला फायलींच्या खोलीत बसवलं. ते काही दिवस अजून संपले नव्हते. चांगला हात होता त्याचा गाडीवर. आता तो दिवसभर शिक्के मारायचा आणि खिडकीतून गाड्या मोजायचा. उशीताईला ती खिडकी नको होती. म्हणून तिनं पायाचं नाव केंद्रात काढलंच नाही.

घराजवळच्या डॉक्टरांकडे मात्र गेली. त्यांनी टाच दाबली, तिनं दात आवळले.

"टाचेखालचा पडदा सुजलाय. रोज किती चालता?"

"चालत नाही डॉक्टर, चालवते."

"मग पंधरा दिवस चालवू नका."

तिनं मान डोलावली, गोळ्या पर्समध्ये टाकल्या, आणि बाहेर येऊन दुपारच्या फेरीला निघाली.

डॉक्टरांचं एकच ऐकलं तिनं. मऊ बूट घ्या, म्हणाले होते. दुकानदारानं जाडजूड तळाचे बूट पुढे ठेवले. "घालून बघा, ढगावर उभं राहिल्यासारखं वाटेल." वाटलं खरं. पण ढगावर उभं राहून पेडल कळत नाही, हे तिला दुकानात कसं सुचणार? जाड तळातून पेडलचा अंदाज येईना, म्हणून बोटं जास्तच घट्ट आवळायला लागली. आठवड्यात दुखणं पोटरीपर्यंत चढलं. चालताना बरं आणि चालवताना वाईट, असे ते बूट.

त्या बुटांनीच एक दिवस घात केला. दुपारची फेरी. मागे दोन बायका, पुढे शेजारी मौनीबाबा. हे नाव नर्सबाईंनी ठेवलेलं. म्हातारे गृहस्थ, एक गुडघा वाकायचा नाही म्हणून पुढच्याच सीटवर बसायचे, पाय लांब करून. आठ महिन्यांत त्यांनी उशीताईशी "हं" आणि "पोचलो" याखेरीज एक अक्षर काढलं नव्हतं. खिडकीबाहेरही बघायचे नाहीत. खाली बघत बसायचे.

केंद्राच्या फाटकाशी रखवालदारानं आडवा बांबू खाली सोडला होता. गाडी हळूच होती. उशीताईनं पाय ब्रेककडे नेला, पण बुटाच्या जाड तळाची कड ब्रेकच्या पेडलच्या बाजूला अडकली. क्षणभरच. तिनं पाय ओढून पुन्हा दाबला, तेव्हा गाडी थांबली, बांबूला नाक टेकवून. "टक्" असा आवाज झाला. मागच्या बायका एकमेकींवर कलल्या आणि सावरल्या. कुणालाच काही लागलं नाही. रखवालदार हसला. "ताई, बांबूची पापी घेतलीत!"

उशीताई हसली नाही. मागच्या दोघींना उतरवून ती परत आत येऊन बसली, तेव्हा मौनीबाबा तसेच बसलेले.

"बूट काढा," ते म्हणाले.

तिला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"उजवा बूट काढा आणि इकडे द्या."

आवाज खरखरीत होता, बरेच दिवस न उघडलेल्या दारासारखा. तिनं निमूट बूट काढून दिला. त्यांनी तो उलटा केला, टाचेवर अंगठा फिरवला, मग आत हात घालून बोटांच्या जागेवर चाचपलं. जुनी चप्पल आहे का, म्हणून विचारलं. ती डिकीत होती. तिनं आणली. तीही त्यांनी तशीच तपासली, नाडी बघावी तशी.

"चाळीस वर्षं बूट केले मी," ते म्हणाले. "माणसांचे चेहरे विसरतो, पाय नाही विसरत. तुमची टाच जमिनीला टेकत नाही. ही चपलेची कड बघा, फक्त मागचा कोपरा झिजलाय. टाच पाडून बसणाऱ्याची अशी झीज होत नाही. आणि आत बोटांचे हे पाच खड्डे. काहीतरी धरून ठेवल्यासारखे. काय धरता एवढं?"

कुणीतरी विचारतंय म्हटल्यावर तिनं सांगून टाकलं. पाय उचलला की गाडी कशी ओढते, कुणाला उलटी झाली, मग ती कशी सुताएवढा दाब धरून ठेवते. घरी सुद्धा इतकं सविस्तर सांगितलं नव्हतं.

मौनीबाबांनी चप्पल पायाशी ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे आमच्या पोटासाठी तुमचा पाय चाललाय."

"तसं नाही काका..."

"तसंच आहे. आठ महिने बघतोय मी. प्रत्येक सिग्नलला आधी चप्पल अर्धी काढायचात, आता बूट. म्हटलं, आपण कशाला बोला. बोलायला हवं होतं."

"काका, आत कुणाला सांगू नका हं हे. बांबूचं."

"मी नाही सांगणार." त्यांनी बूट तिच्या हातात दिला. "तुम्हीच सांगाल."

राग आला तिला. कोण हे, आठ महिने मुके राहून एकदम शहाणपण शिकवणारे? त्या संध्याकाळी घरी तिनं भांडी जरा जास्तच आपटली. सासूबाईंनी दोनदा वर बघितलं, तिसऱ्यांदा म्हणाल्या, "पातेल्यानं काय केलंय?" मग सगळं बाहेर आलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं.

"माझ्या सुनेचा पाय उशिरा पडला आणि बांबू होता," त्या म्हणाल्या. "बांबूच्या जागी माणूस असता तर?"

एवढंच. मग त्या आपल्या गुडघ्याला तेल लावत बसल्या.

सकाळी फेरी सुरू होण्याआधी उशीताई सुपरवायझरच्या खोलीत गेली. हा साधारण चाळिशीचा माणूस, कायम दोन फोन हातात. तिनं उभ्याउभ्याच सांगितलं. पाय सात महिने दुखतोय. डॉक्टरांनी चालवू नका म्हणून सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. काल ब्रेक उशिरा लागला. बांबूला गाडी टेकली. एका दमात. आणि मग फायलींच्या खोलीच्या खिडकीकडे न बघण्याचा प्रयत्न करत उभी राहिली.

सुपरवायझरनं दोन्ही फोन टेबलावर ठेवले.

"सात महिने?"

"हो."

"आणि आत्ता सांगताय? बसा आधी."

तो चिडला, पण बांबूवरून नाही. पंधरा दिवस गाडी बंद, हे त्यानं तिथेच ठरवलं. तिचा चेहरा पडलेला पाहून म्हणाला, "खोलीत नाही बसवत तुम्हाला, घाबरू नका. फेऱ्या लावायला मला माणूस हवंय, कोणता रस्ता खराब ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. पंधरा दिवस. मोजून." मग काहीतरी आठवल्यासारखं करून विचारलं, "पाय का धरून ठेवता म्हणालात?"

"उचलला की गाडी ओढते ना."

"मग ती ओढ कमी का नाही केलीत?"

उशीताई बघतच राहिली. "कमी होते?"

तो तिला गाडीपाशी घेऊन गेला. समोरच्या पडद्यावर तिला बॅटरी आणि नकाशा एवढंच ठाऊक होतं. त्यानं बोट लावून दोन पानं उलटली, तर तिथे स्वच्छ लिहिलेलं: ओढ जास्त, मध्यम, कमी. बोट लावलं की बदलत होतं. गाड्या आल्या तेव्हा तासाभराचं शिक्षण झालं होतं, शेवटी सगळ्यांचा फोटोही निघाला होता. हे कुणी दाखवलंच नव्हतं.

"मीच 'जास्त'वर ठेवल्यात सगळ्या," सुपरवायझर कान खाजवत म्हणाला. "त्यानं बॅटरी थोडी जास्त पुरते. माणसाचा पाय किती पुरतो, ते नाही आलं डोक्यात."

सात महिन्यांचं दुखणं आणि बोट लावून बदलणारी एक ओळ. तिला हसू येत होतं, आणि रडूही. शेवटी हसली. दुसरं करणार काय?

पण ओढ कमी केली म्हणून टाच जमिनीला टेकणार नव्हती. ते मौनीबाबांनी ओळखलं होतं. ते आपल्या पाळीच्या अर्धा तास आधी येऊ लागले आणि चार्जिंगला लावलेल्या गाडीशेजारी स्टूल टाकून बसू लागले. उशीताईला ड्रायव्हरच्या जागी बसवायचं, दार उघडं ठेवायचं आणि वाकून बघायचं. त्यांनी पुठ्ठ्याचे तुकडे कापून आणले होते. टाचेखाली किती तुकडे सरकवले की फट भरते, ते मोजायचे.

"सीट एवढी वर का?"

"बॉनेट दिसायला नको?"

"दिसतं का?"

तिनं मान उंच करून पाहिलं. खरं म्हणजे दिसत नव्हतं. या गाडीचं नाक उतरतं होतं, उंच ड्रायव्हरांनाही दिसायचं नाही. चौदा वर्षांच्या सवयीनं तिनं सीट वर चढवली होती, आणि जे दिसत नव्हतं त्यासाठी पाय लटकत ठेवले होते. मांडीखाली सीटची कड रुतलेली, टाच हवेत.

सीट खाली घेतली, पाठ थोडी सरळ केली, स्टिअरिंग खाली ओढलं. टाच टेकली! पण जग बदललं. सगळं तिला विहिरीतून बघितल्यासारखं वाटायला लागलं. सुपरवायझरनं आवारात पाण्याचे सहा रिकामे जार मांडून दिले आणि म्हणाला, "आवारात चालवायला हरकत नाही, दिवसाला दहा मिनिटं." पहिल्या दिवशी तिनं दोन जार आडवे केले. रखवालदारानं प्रत्येक जार उचलताना लवून नमस्कार केला. चौथ्या दिवशी एकही पडला नाही. आरशांवर आणि मागच्या कॅमेऱ्यावर विश्वास ठेवायला ती शिकली. नव्या सुनेनं सासरच्या माणसांवर ठेवावा तसा, हळूहळू आणि डोळे उघडे ठेवून.

आता राहिली एकच अडचण. तिचं पाऊल लहान. टाच जमिनीवर ठेवली की चवडा पेडलच्या नुसत्या खालच्या कडेला लागायचा. टाचेखाली इंचभर काहीतरी हवं होतं. मौनीबाबांनी बुचाच्या लाकडाची उतरती पट्टी करून आणली आणि पेडलपुढे ठेवली. फार छान बसली. नेमका तेव्हाच सुपरवायझर आला.

"हे काय?"

"टाचेला टेकू."

"उचला. आत्ताच्या आत्ता." इतका चढा आवाज त्यानं कधी काढला नव्हता. "पेडलपाशी सुटी वस्तू ठेवायची नाही. सरकून ब्रेकखाली गेली तर? बाबा, तुमचं वय बघून बोलतोय, नाहीतर..."

मौनीबाबांनी पट्टी उचलली. उशीताईला वाटलं, आता हे पुन्हा आठ महिने गप्प. पण ते पट्टी हातात फिरवत बसले, आणि मग सुपरवायझरकडे बघून म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. गाडीत नको. मग बुटात."

मौनीबाबांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. उशीताई पहिल्यांदा गेली तेव्हा सून कपाटावरून पत्र्याची पेटी खाली काढत होती. पेटीत रापी, आरी, हातोडी, मेणाचा गोळा आणि लाकडी साचे, जुन्या कापडात गुंडाळून ठेवलेले. तीन वर्षांत पेटी उघडली नव्हती. ज्या डाव्या हातात डायलिसिसच्या सुया टोचायच्या, त्या हातावर जोर द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि एका हातानं बूट होत नाही.

"बाबा, डॉक्टर काय म्हणालेत, आठवतंय ना?" सून म्हणाली.

"म्हणून तर तू आहेस."

ही सून घरी बसून कपडे शिवायची. बोटांत जोर होता आणि नजर पक्की होती. मापं सासऱ्यांनी घेतली, कागदावर पाऊल काढलं, कातडं त्यांनी निवडलं. कापताना त्यांनी बोट ठेवायचं आणि तिनं रापी चालवायची. "असं नाही. कातड्याला ओढ कुठली आहे बघ. हां. आता." दोघांच्या डोक्यांमध्ये वीतभर अंतर. निघताना सून उशीताईला जिन्यापर्यंत पोचवायला आली.

"घरातसुद्धा बोलायचे नाहीत हो," ती हळूच म्हणाली. "आता दिवसभर डोकं खातात. परवा तर मी म्हटलं, बाबा, जरा मौन धरा." आणि तोंडावर पदर घेऊन हसली.

पहिला जोड नापास झाला. तळ हवा तसा पातळ आणि ताठ होता, टाच इंचभर उंच, मागून गोल घासलेली, जमिनीवर गुळगुळीत फिरणारी. पण मागची कड टाचेला चावली. दोन दिवसांत फोड आला. उशीताईनं ते सांगितलं, तेव्हा मौनीबाबांनी नुसतं "हं" केलं आणि पुढच्या दोन खेपा ते गाडीत खाली बघत बसले. गाडी तेव्हा दुसरा ड्रायव्हर चालवत होता, पण उशीताई फेरीची यादी घेऊन फाटकाशी उभी असायची. तिसऱ्या खेपेला तिनं काच खाली करायला लावली.

"काका, माझ्या पायानं तुमचा बूट नापास केला म्हणून तुम्ही माझा पाय नापास करू नका. फेरपरीक्षा असते की नाही?"

त्यांनी वर बघितलं. ओठाचा एक कोपरा हलला.

"कातडं ओलं करून साच्यावर दोन दिवस जास्त ठेवायला हवं होतं," ते म्हणाले. "घाई झाली. हात विसरला नाही, धीर विसरला."

दुसरा जोड अकरा दिवसांनी आला. तोवर पंधरा दिवस उलटून चार दिवस झाले होते. सुपरवायझरनं मोजून सांगितल्याप्रमाणे गाडी परत दिली होती, पण आधी अर्ध्याच फेऱ्या. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायामही ती करत होती, पायरीच्या कडेवर चवडा ठेवून टाच खाली सोडायची, रोज तीस वेळा. सासूबाई आकडे मोजायच्या आणि मुद्दाम मध्येच सत्राचा अठ्ठावीस करायच्या. "सुटलीस, जा," म्हणायच्या.

नवा बूट घालून ती पहिल्यांदा जातानाच्या फेरीला निघाली तेव्हा मागे तीन पेशंट होते. ओढ 'कमी'वर. टाच जमिनीवर घट्ट, पाऊल तिच्यावर सहज पुढे-मागे डोलणारं. पहिल्या चौकापर्यंत तिचं सगळं लक्ष पायात होतं. पाय उचलला, गाडी नुसती हळू झाली, कुणी पदर ओढला नाही. तिनं आरशात पाहिलं. मागच्या आजी तोंड उघडं टाकून गाढ झोपलेल्या. मधल्या बाईंची मान त्यांच्या खांद्यावर. तिनं ब्रेकवर पाय नेला, आणला, पुन्हा नेला. बूट कुठे अडकला नाही.

एका दिवसात जादू झाली असं काही नाही. दीड महिना सकाळची पहिली पावलं दुखतच होती, मग कमी दुखू लागली. चार्जिंगला गाडी लावली की आत बसून राहायचं नाही, उतरून आवाराला दोन फेऱ्या मारायच्या, हा नियम तिनं स्वतःला लावून घेतला. एखाद्या दिवशी वाहतूक तुंबली, तर संध्याकाळी नडगी आठवण करून द्यायची. पण एकदा ती घरी आली, हातपाय धुऊन बसली, आणि सासूबाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "पाय कसा आहे?" तर तिला क्षणभर कळेना.

"कुठला?" ती म्हणाली.

सासूबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं आणि टब पायानं ढकलत परत मोरीत नेला.

मौनीबाबांचं नाव मात्र आता त्यांना शोभेनासं झालं. डायलिसिसच्या चार तासांत त्यांना नर्सबाईंचे पाय दिसायला लागले. दिवसभर उभ्या असलेल्या एका नर्सचा अंगठा तिरका झालाय, हे त्यांनी पलंगावरून ओळखलं. तिचा जोड झाला, मग दुसऱ्या एका ड्रायव्हरचा. महिन्याला दोन जोड, त्याहून जास्त नाही, असं सुनेनं बजावलं. कुणी विचारलं तर ते म्हणायचे, "मी नुसता बोलतो. बूट ती करते." आणि सुनेला विचारलं तर ती म्हणायची, "बोलतात मात्र फार."

पावणेदोन महिन्यांनी केंद्रात एक नवा ड्रायव्हर लागला. पंचवीस वर्षं ट्रक चालवलेला, सहा फुटी, मिशीवाला. सुपरवायझरनं त्याला किल्ली दिली नाही. "आधी ताईंकडे जा. त्या बसवतील, मग चालव."

"बसवतील म्हणजे? मला बसता येत नाही?"

"येतं का ते ताई सांगतील."

तो गाडीत शिरला तर गुडघे स्टिअरिंगला टेकलेले. बाहेर उभा होता तेव्हा उशीताई जेमतेम त्याच्या छातीला लागत होती. ती दाराशी खाली बसली, त्याच्या बुटाशी डोळे लावून.

"सीट मागे घ्या. अजून. आता टाच?"

"टेकली."

"मांडी?"

त्यानं हात घालून बघितलं. "कड रुततेय जरा."

"ते बटण. पुढून थोडी खाली. आता?"

"आता नाही." त्यानं पाय पेडलवर ठेवून बघितला, मग दुसऱ्यांदा. "ताई, पंचवीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं मला."

"विचारायला वेळ कुणाला असतो? आता इकडे पडद्यावर बघा. ही ओढ. आपल्याकडे ती कमीवर असते, जाताना पेशंटचं पोट हललेलं असतं म्हणून. पाय आवळून धरायचा नाही. दुखायला लागलं तर त्याच दिवशी सांगायचं, सात महिन्यांनी नाही. समजलं?"

"समजलं."

"मग ते जार दिसतायत ना? त्यांच्यामधून एक चक्कर मारून दाखवा."

गाडी आवाज न करता निघाली. पहिल्याच वळणावर त्यानं एक जार आडवा केला. रखवालदार लगबगीनं पुढे आला, आणि उशीताई हातानं "पुन्हा, पुन्हा" म्हणत गाडीच्या मागोमाग भरभर चालत गेली.